पायातली चूक

माझ्या पायात चूक शिरली तेव्हा मी गात होतो. चांगला घसा फाडून. नाताळच्या गीतांचा सराव चालला होता आणि आमच्या मंडळीत मोठा आवाज म्हणजे माझाच. गीतं झाली, प्रार्थना झाली, चहा झाला, ऑटोनं भनपुरीला आलो, घराच्या पायऱ्या चढलो. या सगळ्या वेळात ती चूक माझ्या तळपायात टोपीपर्यंत रुतून बसली होती आणि मला पत्ता नाही.

चूक म्हणजे तो बारका खिळा, चपलेच्या तळाला मारतात तो. मराठीत त्याला चूक म्हणतात आणि माणसाच्या हातून होते तिलाही चूकच म्हणतात. या एका शब्दानं पुढे दवाखान्यात काय गोंधळ घातला ते सांगतोच.

हे लिहायला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लावलं. रायपुरात आमची मराठी मंडळी म्हणजे मोजकी घरं. हिंदीवाल्यांची उपासना उरकली की त्याच चर्चमध्ये आम्ही बसतो. त्यात शुगरवाले बरेच. पाळकसाहेब म्हणाले, "साळवेकाका, तुम्ही तोंडानं सांगता ते लोक हसून विसरतात. लिहून द्या." मी शाळा चौथीत सोडली. नवं राज्य झालं, सिलतऱ्याला लोखंडाचे कारखाने वाढले, तेव्हा अकोल्याकडून इथं आलो आणि भट्टीपाशी उमर काढली. लिहायचा हात नाही. बोलतो तसं लिहिलं असतं तर पाळकसाहेबांना अर्धं कळलं नसतं, ते नगरकडचे. म्हणून जमेल तसं पुस्तकातलं लिहितो. मधेच घसरलं तर घसरलं.

एका पायाचा आलता

घरी आलो तर सून रोशनी नुकतीच फरशी पुसून बसली होती. रोशनी इथलीच, छत्तीसगढी. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतच देते. माझा पोरगा आशिष अकोल्याच्या बापाचा, तोही तसाच. मी मराठीत भांडतो, ते हिंदीत भांडतात, भांडण मात्र बरोबर होतं.

दारात चप्पल काढून आत गेलो, पाणी प्यायलो, बाहेर आलो.

"पापाजी, आलता लगाके आए हो का?"

"काय?"

"पीछे देखो ना."

मागे पाहिलं तर पांढऱ्या फरशीवर लाल पावलं. नव्या नवरीची असतात तशी. फक्त एकाच पायाची.

रोशनीनं मला खुर्चीत बसवलं, पाय वर घेतला आणि "हे प्रभु" म्हणून तोंडाला पदर लावला. मग पक्कड आणली. ती ओढत होती आणि पाणी तिच्या डोळ्याला. मी आरामात बसून पाहत होतो, जसा काही पाय शेजाऱ्याचा आहे.

"दर्द नहीं हो रहा?"

"अजिबात नाही. म्हशीची कातडी आहे पोरी, भट्टीवर भाजलेली."

चूक पाहिली तर ओळखीची निघाली. देवळाच्या दारावर कागदी तारा मीच ठोकला होता, त्यातलीच एक खाली पडलेली. (आम्ही मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.) देवळात अनवाणी जायची आमची रीत. नव्या पोरांना बूट काढायचा कंटाळा, म्हणून मी दर रविवारी दारात उभा राहून "चप्पल बाहेर!" असं ओरडत असे. मंडळीनं मला हे काम दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं. कोणी सँडल काढायला कुरकुर केली तर मी म्हणत असे, हे देवाचं घर आहे, बाजार नाही. तेव्हा मंडळीत आवेशी माणूस कोण विचारलं तर लोक माझंच नाव घेत.

रोशनीनं हळद भरली. "कल डॉक्टर को दिखाते हैं."

"कायले? दुखून नाही राहिलं."

"हव, पर शुगर है आपको..."

"दुखलं की जाऊ."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझं बोट या वाक्यानं गेलं.

मासळी

माझी बायको शांता आदल्या वर्षी गेली. ती असताना माझी गोळी, माझं जेवण, माझे पाय, सगळं तिच्याकडे. रोज झोपायच्या आधी तेलाची वाटी घेऊन बसे आणि माझ्या तळव्याला तेल चोळे. मला वाटे लाड करते. ती खरं तर तळवा पाहत असे, कुठं चिरलं, कुठं फोड आला. हे मला दवाखान्यात कळलं.

तेल लावून झालं की ती शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडे. माझं वाचन अडखळतं, म्हणून वाचणार ती, आमेन म्हणणार मी. ती गेल्यावर तेलाची वाटी बंद झाली आणि वाचनही. कोणी बंद करा म्हटलं नाही. पहिल्या दिवशी मन लागलं नाही, दुसऱ्या दिवशी लागलं नाही, मग न लागण्याची सवय झाली. गोळीचं तसंच. आज घेतली, उद्या राहिली, काही झालं नाही, मग कशाला घ्यायची. रविवार मात्र चुकवला नाही. दारात उभा राहत होतो, ओरडत होतो, गात होतो. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक.

मी रडलोही नाही. लोक म्हणाले, साळवेचा विश्वास दांडगा. मलाही तसंच वाटलं.

तर चूक निघाल्यावर पाय चार-पाच दिवस बरा वाटला. मग सुजला. मी मोठा मोजा घातला. नाताळच्या सकाळी अंगात कणकण होती, तरी दारात उभा राहिलो. आत बाकावर वानखडे माझ्या शेजारी. आम्ही दोघं एकाच कारखान्यात झिजलो, एकाच बाकावर बसतो, आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय आमचा सलाम होत नाही. पाळकसाहेबांचं प्रवचन चालू होतं आणि वानखडे हळूहळू सरकत बाकाच्या टोकाला गेला.

"काहून सरकून राहिला बे?"

"साळवे, खरं सांग. तुह्या खिशात मासळी आहे काय?"

"नाताळाले मासळी कोण आणते?"

"मंग काही तरी मेलं आहे इथं."

मेलं होतं ते माझ्या मोज्यात होतं. शेवटच्या गीताला उभा राहिलो आणि देऊळ गरगर फिरलं. वानखडेनं धरलं म्हणून दात वाचले.

"सुरू करा नं"

आशिष नव्या रायपुरात सरकारी ऑफिसात गाडी चालवतो. त्याच्या ओळखीनं तिकडच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या. त्यांनी मोजा काढला आणि हसणं थांबवलं.

एक बारीक नायलॉनचा धागा काढला. म्हणाल्या, "आँख बंद करो बाबा. जब लगे कि पैर को छू रही हूँ, तब हाँ बोलना."

मी डोळे मिटले. प्रार्थनेला मिटतो तसे. वाट पाहिली. बाहेर ट्रॉली गेली, कोणाचा फोन वाजला, कोणी फोन उचलला. मी म्हटलं, "मॅडम, सुरू करा नं."

"हो गया बाबा."

डोळे उघडले तर आशिष खिडकीबाहेर पाहत होता. तो माझ्याकडे पाहायचं टाळतो तेव्हा त्याच्या आईसारखा दिसतो.

"घुसा क्या था पैर में?"

"चूक."

"हाँ बाबा, चूक तो हुई. पर घुसा क्या था?"

"तेच तं सांगून राहिलो. चूक!"

"मैं डाँट नहीं रही हूँ. गलती सबसे होती है. काँच था? काँटा था?"

"मॅडम, चूक होती! मीच ठोकली होती. देवळाच्या दारात!"

बाईंनी आशिषला हळूच विचारलं, "बाबा को भ्रम होता है क्या?"

इतक्या टेन्शनमध्ये आशिष फस्सकन हसला. "मॅडम, मराठी में छोटी कील को चूक बोलते हैं." मग बाई हसल्या, सिस्टर हसली, मीही हसलो. त्या दिवसापासून त्या दवाखान्यात माझं नाव पडलं चूकवाले बाबा.

हसणं संपल्यावर बाईंनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. डॉक्टर उभ्यानं बोलतो तोवर भिऊ नका. बसला की भ्या.

म्हणाल्या, तुमच्या तळव्याच्या नसा शुगरनं बधिर झाल्या आहेत, आजच्या नाहीत, बऱ्याच दिवसांच्या. विष आत पसरलं आहे. हाडाला लागलं असेल तर बोट जाईल. वर चढलं तर पंजा जाईल. वाचवायचा प्रयत्न करू. "पर आपको मेरी हर बात माननी पड़ेगी. हर बात."

"मानतो," मी म्हणालो. भीतीत माणूस काय कबूल करत नाही?

रात्रभर पाय चाचपत पडलो होतो, असं लिहिलं तर खोटं होईल. इंजेक्शनानं मेल्यासारखा झोपलो. भीती सकाळी आली, चहाबरोबर. एका पायानं देवळाची पायरी कशी चढायची हे मी कपात पाहत बसलो होतो आणि चहावर साय धरली.

वॉर्ड

बोट गेलं. अंगठ्याशेजारचं. हाडाला लागलं होतं. वानखडे भेटायला आला आणि पहिलं वाक्य बोलला, "आता तुह्या जोड्याचा नंबर लहान झाला." शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं हा माणूस किती दुष्ट. मला मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पंजा अजून टांगणीला होता. बाईंचा हुकूम होता, पाय उशीवर, जमिनीला लागता कामा नये, संडासालाही भांडंच. मी म्हटलं, पाळक सांगतात प्रभूसंगं चाला आणि डॉक्टर म्हणतात बिलकुल चालू नका, माणसानं करावं काय? सिस्टर म्हणाली, "बाबा, अभी प्रभु आपके साथ लेटेंगे."

खिडकीतून नव्या रायपुरचे रस्ते दिसत. इतके रुंद की पलीकडे जायचं म्हटलं तर डबा बांधून न्यावा. माणूस दिसायचा नाही. रोशनी भनपुरीहून बस बदलत यायची, मिळाली तर. तिच्या डब्यात मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, भाजी असे. दवाखान्याच्या जेवणाबद्दल मी काही लिहीत नाही, त्यांनी पाय वाचवला आहे.

एका दुपारी भांड्याची लाज वाटली. आजूबाजूला बायामाणसं. म्हटलं संडास तर हा समोर. पाय दुखत नाही. गेलो, आलो, झोपलो, कोणाला कळलं नाही, असं मला वाटलं. पट्टीला कळलं होतं. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा पट्टी भिजून लाल.

ओरडल्या नाहीत. पुन्हा स्टूल ओढलं.

"बाबा, चले थे?"

"दुखलं नाही मॅडम. दुखलं असतं तर थांबलो असतो."

"आपका पैर आपको कभी नहीं बताएगा. वो बहरा है. इसलिए मैं बता रही हूँ. आपको मेरी सुननी है, पैर की नहीं."

बाई गेल्या. हे बोलणं मात्र माझ्यापाशी राहिलं.

मी विचार केला, वर्षभर मी असंच जगत होतो. मन लागलं तर प्रार्थना, न लागलं तर नाही. बोचलं तर पश्चात्ताप, नाही बोचलं तर सगळं ठीक. आणि मन तर शांताबरोबरच बधिर झालं होतं, त्याला काय बोचणार? गात होतो, ओरडत होतो, आणि आत चूक रुतलेली. देवाची आज्ञा मी माझ्या मनाला विचारून पाळत होतो. त्या बिचाऱ्याला तर काही लागतच नव्हतं.

आणि एक गोष्ट आठवली, ती लिहितो, कोणी हसलं तरी चालेल. प्रभूच्या पायात खिळे ठोकले तेव्हा त्याला दुखलं. सगळं दुखलं, तरी तो आज्ञेत राहिला. माझ्या पायात खिळा होता आणि मला दुखलं नाही, म्हणून मी स्वतःला मजबूत समजत होतो. आता सांगा, अशा माणसाला कोणी मजबूत म्हणावं का?

पोरगा आणि सून

त्या पट्टीवरून आशिष माझ्यावर चढला. वॉर्डात, सगळ्यांसमोर.

"मम्मी होती तो आप ऐसा करते?"

"तुही माय असती तं हे झालंच नसतं! ती रोज माह्या पायाले तेल लावे."

"तो हमको क्यों नहीं बोले? हम मर गए हैं क्या?"

सगळ्या खाटा कान देऊन बसलेल्या. मग आशिष उठून गेला. मला वाटलं, गेला. तो खाली जाऊन दाढीचा साबण आणि वस्तरा घेऊन आला आणि एक शब्द न बोलता माझी दाढी करू लागला. जिंदगीत कोणाची दाढी केलेली नाही. दोन ठिकाणी कापलं. मी म्हटलं, "हे मात्र दुखून राहिलं." तेव्हा तो हसला.

दुसऱ्या दिवशी मी रोशनीला म्हटलं, पोरी, शास्त्र वाचशील का? माझं मराठी शास्त्र घरी होतं, तिच्या फोनात हिंदी. शांता गेल्यावर ती एकदा म्हणाली होती, पापाजी मैं पढ़ दूँ? तेव्हा मी म्हटलं होतं, हिंदीत मला देव ऐकू येत नाही. आता कुठल्या तोंडानं नको म्हणू?

तिनं वाचलं. मन लागलं नाही. खरं सांगतो, मुनग्याच्या शेंगा दाताखाली अडकल्या होत्या, त्यांतच लक्ष होतं. तरी संपल्यावर आमेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सिस्टरनं सकाळी गोळी दिली, गिळली. मन लागलं का असं तिनं विचारलं नाही. मीही मला विचारणं सोडलं.

"आई गं!"

ड्रेसिंगच्या वेळी मी गप्पा मारायचो. बाकीचे लोक कण्हायचे, मी सिस्टरला भट्टीच्या गोष्टी सांगायचो. लागतंय कुठं?

एके सकाळी सिस्टरनं जखमेची वरची कड साफ करायला घेतली आणि माझ्या तोंडून "आई गं!" असं निघालं की बाहेरचा वॉचमन आत पाहून गेला. सिस्टर थांबली. "लगा?" पुन्हा लावलं. "आई गं!" तिनं हातातलं टाकलं आणि धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी पाहिलं. "बहुत बढ़िया बाबा! यहाँ नस ज़िंदा है. मांस लाल है, भर रहा है. पंजा नहीं जाएगा."

तळवा बधिरच राहणार होता, तेही त्यांनी सांगितलं. पण पाऊल वाचलं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी हसायला तोंड उघडलं आणि हसण्याऐवजी रडूच आलं. थांबेना. ही बातमी सांगायची होती ती शांताला, आणि ती नव्हती. ती नाही हे मला वर्षभर ठाऊक होतं, पण लागलं त्या दिवशी. सिस्टर घाबरली, "बाबा, दर्द का इंजेक्शन दूँ?"

म्हटलं, "इंजेक्शन नको बाई. रडू दे."

ती पडदा ओढून गेली. त्या पडद्याची याद मी कायम ठेवीन. दवाखान्यात माणसाला सगळं मिळतं, आडोसा मिळत नाही.

देवाच्या दारात

सुट्टी देताना बाईंनी खास सँडल दिले. आत मऊ, बाहेर जाड, दिसायला लहान होडी. "घर में भी पहनना. बाथरूम में भी. नंगे पैर कहीं नहीं. ज़िंदगी भर."

मी विचारलं, "चर्चमध्ये?"

"चर्च में फर्श नहीं होती क्या?"

आली का पंचाईत! ज्या दारात मी इतकी वर्षं ओरडलो त्याच दारातून सँडल घालून आत जायचं? पहिल्या रविवारी मी तोड काढली. आत गेलोच नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. म्हटलं डॉक्टरचंही राहिलं आणि देवाचाही मान राहिला. मला वाटलं फार नम्रतेचं काम केलं. रोशनी म्हणाली, "पापाजी, प्रभुभोज बाहर पार्सल मँगाएँगे क्या?"

उपासना सुरू व्हायच्या आधी पाळकसाहेब बाहेर आले. माझ्या शेजारी पायरीवर बसले. त्यांचे पाय अनवाणी.

"काका, आत का नाही?"

"पायात आहे नं."

"शास्त्रात मोशेला देव म्हणाला जोडे काढ, त्यानं काढले. तुम्हाला आता घाल म्हटलं आहे."

"मले देवानं नाही म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी म्हटलं."

"पाऊल वाचवा म्हणून तुम्ही मागणं कोणाला केलं होतं?"

मी बोटानं वर आभाळाकडे दाखवलं. ते पुढे म्हणाले, "काका, रीत चांगली आहे, मीही पाळतो. पण जी आज्ञा आपल्या आवडीची तीच पाळायची, याला आज्ञाधारकपणा म्हणत नाहीत. याला हौस म्हणतात." आणि उठून आत गेले. नगरची माणसं गोड बोलून हाणतात.

मी बसून राहिलो. अनवाणी जाणं मला कधी जड गेलंच नव्हतं. त्यात माझा मान होता. सँडल घालून जाणं जड होतं, कारण आत हसणारे लोक होते. माझा आवेश सगळा सोप्या बाजूला होता, आणि ती बाजू मीच निवडलेली होती. आत गीत सुरू झालं. माझ्याशिवाय बारीक वाटलं. उठलो. काठी घेतली.

दारात पाय ठेवला आणि बाकाच्या टोकावरून वानखडे माझ्याच आवाजात ओरडला, "चप्पल बाहेर!"

गीत तिथंच फुटलं. पेटीवाला हसला, बाया हसल्या, पाळकसाहेबांनी शास्त्र तोंडापुढे धरलं. ज्या पोरांचे बूट मी काढायला लावले होते ती पोरं तर बाकावर लोळली. मी दारात उभा, तोंड लाल. मग मीही हसलो. काय करणार? काठी आपटत, होडी ओढत, मधल्या वाटेनं सगळ्यांसमोरून चालत गेलो आणि वानखडेशेजारी बसलो. इतक्या वर्षांत देवाच्या घरात मी काही तरी सोडून शिरलो असेन तर त्या दिवशी.

"मासळीचा वास गेला काय पाहून घे," मी म्हटलं.

"गेला," वानखडे म्हणाला आणि नाक पुसलं. "बस आता गुमान."

तळपाय

जखम भरली. भरल्यावर बाई म्हणाल्या, आता खरं काम सुरू, कारण आता तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. म्हणून रोज संध्याकाळी रोशनी नाही तर आशिष माझा तळवा पाहतो. आरसा दिला होता, पण म्हाताऱ्याची कंबर वाकत नाही आणि माझी नजर माझ्या बाजूनं निकाल देते. दुसऱ्याचे डोळे लागतात. मग वाचन. एक दिवस हिंदी, एक दिवस मराठी. मराठीच्या दिवशी मी वाचतो, अडखळत. रोशनी मधेच सुधारते, आणि तिला कसं कळतं देव जाणे. कधी मन लागतं, कधी नाही लागत. वाचन होतं.

गेल्या रविवारी उपासनेनंतर ओट्यावर चहा चालला होता. मी वानखडेला म्हटलं, "पाय दाखव."

"कायले?"

"तुले शुगर नाही काय?"

"आहे. पण माह्या पायाले काही नाही होत."

"तेच तं पाहायचं आहे."

"पुढच्या रविवारी पाहू बे. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मोजा काढ."

तो काढेना. मी वाकलो, कंबर ओरडली, आणि त्याचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. मोजा ओढला. वानखडे शिव्या देऊ लागला, देवळाच्या ओट्यावर, पाळकसाहेबांसमोर. मी तळवा उजेडाकडे वळवला. टाचेपाशी फोड होता, फुटलेला, कडेनं काळसर. मी बोट दाबलं. "दुखते काय?"

वानखडेच्या शिव्या थांबल्या. "तू दाबलं काय?" त्यानं विचारलं.

आशिषला हाक मारली, गाडी काढायला लावली. वानखडे म्हणाला, चहा तरी पिऊ दे. मी म्हटलं, तिकडे मिळतो, वाईट आहे पण मिळतो. डॉक्टरीणबाईंनी फोड साफ केला, वेळेवर आला म्हणाल्या, बोट बोट काही जात नाही. त्यालाही होडी मिळाली. आता म्हणतो, माझी तुझ्यापेक्षा चांगली आहे.

मंडळीतल्या शुगरवाल्यांनो, आणि ज्यांना शुगर नाही त्यांनाही, हे वाचून झालं असेल तर मोजा काढा आणि घरातल्या कोणाला तरी हाक मारा. पुढच्या रविवारी नाही. आत्ता. मी थांबतो.